एकाच सुरावर येणारी किणकिण

गिटारच्या पाचव्या तारेवर दुसरी फ्रेट. तिथला बी हा सूर वाजवला की आधी सूर निघायचा आणि त्याला चिकटून एक बारीक किणकिण यायची, कपाटात काचेचे पेले एकमेकांना टेकल्यासारखी. ॲम्प नुकताच चालू केलेला असला तर काही नाही. वीस-पंचवीस मिनिटं वाजवून झाली की हमखास. तीन आठवडे मी त्या आवाजाच्या मागे होते.

ॲम्प वापरलेला घेतला आहे. पंधरा वॅटचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि बारा इंची स्पीकर एकाच लाकडी पेटीत. तो ट्यूबवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर चालतो: पॉवरला दोन ईएल८४, त्याआधी तीन १२एएक्स७, तळाशी स्प्रिंग रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा पत्र्याचा डबा. या ॲम्पवर माझा जीव आहे. तार हलकी छेडली तर स्वच्छ बोलतो, जोरात छेडली तर कडेने जरासा फाटतो, आणि हे सगळं माझ्या बोटांवर ठरतं. म्हणूनच ती किणकिण मला सोसवत नव्हती.

पहिला संशय गिटारवर. तार फ्रेटला घासत असेल म्हणून गिटार ॲम्पऐवजी इंटरफेसला, म्हणजे संगणकात आवाज नेणाऱ्या डबीला जोडून हेडफोनवर ऐकली. स्वच्छ. दुसरा संशय खोलीवर, आणि तो थोडा खराही निघाला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची झाकणं ‘जी’ या सुराला थरथरत होती. शोकेसची सरकती काच वेगळ्याच सुराला. ॲम्प उचलून गच्चीवर नेला, तिथे भिंत नाही, काच नाही. किणकिण बरोबर आली. म्हणजे ती पेटीतच होती.

मग मैत्रिणीचं आठ ओहमचं बारा इंची कॅबिनेट, म्हणजे नुसत्या स्पीकरची पेटी आणली. ॲम्प बंद करून आतल्या स्पीकरची पिन काढली, बाहेरच्या कॅबिनेटची लावली, आणि मगच चालू केला. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीच वाजवायचा नाही, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. वायरही स्पीकरचीच हवी, गिटारची बारीक केबल तिथे चालत नाही. कॅबिनेट आतल्या खोलीत, ॲम्प हॉलमध्ये, मध्ये दार बंद. अर्धा तास वाजवलं. बी वाजला, स्वच्छ वाजला. पुन्हा पुन्हा वाजवला.

मी वहीत लिहिलं: ‘ट्यूब ठीक, दोष पेटीचा किंवा स्पीकरचा.’ ही नोंद चुकीची होती आणि तिने माझे दहा दिवस खाल्ले.

त्या दहा दिवसांत केलेलं काम मात्र वाया गेलं नाही. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घेतलं, ते अगदी कमी आवाजावर ॲम्पच्या इनपुटला जोडलं आणि ६० हर्ट्झपासून सावकाश वर नेलं. गिटारचा सूर विझत जातो, हा तसाच टिकून राहतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. १२३ हर्ट्झच्या आसपास किणकिण आली. तो माझा पाचव्या तारेवरचा बी. पण ९८ च्या जवळ आणखी एक आवाज निघाला, जाडसर, खडखड असा. तो जी. गिटार वाजवताना हे दोन आवाज मला कधी वेगळे ऐकूच आले नव्हते.

टोन ९८ वर थांबवून पेटीवर जागोजागी तळहात दाबत गेले. हँडल, कोपऱ्यांचे पत्रे, समोरच्या जाळीची चौकट. मागच्या फळीचा खालचा डावा कोपरा दाबला आणि खडखड थांबली. हात उचलला, परत सुरू. स्क्रूचं भोक मोठं होऊन स्क्रू नुसता फिरत होता. भोकात फेव्हिकॉल लावून आगकाडीचे दोन तुकडे ठोकले, रात्रभर सुकू दिलं, सकाळी स्क्रू कसला. फळी जिथे टेकते तिथे फेल्टची पट्टी चिकटवली. खडखड गेली ती गेलीच.

किणकिण होतीच. स्पीकरचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. फार आवळले की स्पीकरची चौकट वाकते आणि कॉइल घासायला लागते, म्हणून हात राखून. स्पीकरच्या कोनवर, म्हणजे हलणाऱ्या शंकूवर, चार बोटं गोलाकार टेकवून हळूच आत ढकलून पाहिला, कुठे घासत नव्हता. रिव्हर्बचा डबा काढून ॲम्पबाहेर स्पंजवर ठेवला. काही फरक नाही. मागच्या बाजूने जिथे हात पोहोचेल तिथे दाबून झालं, आणि १२३ वर आवाज तसाच चालू.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. तरुणपणी त्यांनी पुण्यात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. ट्यूब हा शब्द ते वापरत नाहीत, त्यांच्या तोंडी व्हॉल्व्हच. जिन्यात भेटले तेव्हा सहज सांगितलं, तर म्हणाले, “कुठला व्हॉल्व्ह आहे आउटपुटला?” ईएल८४ म्हटल्यावर थांबलेच. “अगं, तो तर आमच्या रेडिओतला. संध्याकाळी येतो.”

ईएल८४ फिलिप्सने १९५३ मध्ये आणला. रेडिओंत तो सर्रास असायचा, गिटार ॲम्पमध्ये नंतर गेला. काकांच्या हातून असे कितीतरी गेलेत.

आल्यावर त्यांनी आधी माझी वही वाचली. कॅबिनेटच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, “हे कसं ठरवलंस? स्पीकर दुसऱ्या खोलीत गेला, म्हणजे पेटी हलायची थांबली. पेटी हलली नाही तर व्हॉल्व्हही हलत नाही. मग तो वाजेल कसा?”

माझी चाचणी चुकीची नव्हती, निष्कर्ष चुकीचा होता. विजेचा मार्ग स्वच्छ आहे एवढंच तिने सांगितलं होतं. हादऱ्याने वाजणारी प्रत्येक वस्तू अजून संशयात होती, आणि कॉम्बोमध्ये स्पीकरच्या डोक्यावर टांगलेल्या ट्यूबइतकी हादरणारी वस्तू दुसरी नाही.

मागची फळी काढली की ट्यूब दिसतात, चॅसिस, म्हणजे वायरिंगचा धातूचा सांगाडा, उघडावं लागत नाही. चॅसिसच्या आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भार धरून ठेवतात. तिथे मी हात घालत नाही. तशी वेळ आलीच तर जाणत्या माणसाकडे ॲम्प नेईन. काकांनीही पहिलं वाक्य तेच उच्चारलं, “आत काही करायचं नाही आपल्याला.”

त्यांनी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने प्रत्येक १२एएक्स७ वर टिचकी मारली. पहिल्या ट्यूबला स्पीकरमधून बारीक ‘टण्’ आला. तेवढा चालतो म्हणाले, सगळ्यात पुढची ट्यूब थोडं बोलतेच. पण आपली किणकिण स्पीकरमधून येतच नाहीये, हे त्यांच्या कानाने दोन मिनिटांत ओळखलं. स्पीकरच्या समोर बसलं तर ती कमी, मागून ऐकलं तर जास्त. तीन आठवडे मी समोर बसून ऐकत होते!

मग हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळी. एक टोक कानाला, दुसरं ट्यूबपासून वीतभर लांब, कारण काच इतकी तापलेली असते की प्लॅस्टिक वितळेल. टोन १२३ वर. काका एकेका ट्यूबसमोरून नळी फिरवत गेले आणि उजव्या ईएल८४ पाशी थांबले. नळी माझ्या हातात दिली. चमच्याने काचेचा पेला वाजवावा तसा आवाज, अगदी कानाशी.

तरी त्यांचं समाधान नव्हतं. बंद करून ॲम्प थंड होऊ दिला, दोन्ही ईएल८४ च्या जागा बदलल्या, पुन्हा अर्धा तास तापवला. किणकिण डावीकडे गेली. आता शंका उरली नाही. सॉकेट नाही, ट्यूब धरणारी स्प्रिंग नाही, ती ट्यूबच.

कारण त्यांनी काढलेली ट्यूब उजेडात धरून दाखवलं. आतल्या पत्र्याच्या नळ्या वर आणि खाली अभ्रकाच्या पातळ चकत्यांनी धरलेल्या असतात. तापून, हादरून त्या चकत्यांची भोकं सैल होतात. मग एखाद्या सुराला आतला भाग नेमका थरथरतो. गार असताना कानाशी हलवून पाहिली तर दोन्ही ट्यूब किंचित खुळखुळल्या, त्यामुळे नुसतं हलवून निदान होत नाही. चांगल्या ट्यूबही तेवढ्या वाजतात.

काका घरी जाऊन पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन आले. आत बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची एक ईएल८४, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. “जोडी नाही, त्यामुळे कायम वाजवायला नको. तपासायला लाव.” लावली. स्पीकरमधला ‘हम’, म्हणजे सततचा गुंगुं आवाज, थोडा वाढला. अर्ध्या तासाने मी बी छेडला. सूर सरळ निघाला, लांबला, आणि मागे काहीही न ठेवता विझला. काका काही बोलले नाहीत. बोटाने खूण केली, पुन्हा.

नवी जुळवलेली जोडी मागवली. आमच्या ॲम्पला बायसची, म्हणजे ट्यूबमधून किती प्रवाह जाईल त्याची, जुळणी करावी लागत नाही; कॅथोड बायस आहे, तो आपोआप जुळतो. ज्यांच्या ॲम्पला फिक्स्ड, म्हणजे हाताने जुळवायचा बायस आहे त्यांनी ते काम करून घ्यावं. नव्या जोडीवर पहिल्या संध्याकाळी २०० हर्ट्झच्या पुढे एक नवीनच चिरचिर आली आणि माझ्या काळजात धस्स झालं. पण या वेळी पाच मिनिटं लागली. ट्यूब धरून ठेवणारी स्प्रिंग काचेला टेकत होती. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फायबरग्लासची स्लीव्ह, म्हणजे तारेवर चढवायची नळी आणली, उष्णता सोसणारी, आणि बोटभर तुकडा स्प्रिंगच्या तारेवर चढवला. तीही गेली.

जुनी ट्यूब काकांनी मागून घेतली. त्यांच्या खोक्यात आता ती भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेजारी आहे, वर निळ्या पेनने लिहिलेलं: ‘१२३ ला वाजते.’