स्टीअरिंगवाल्यांना कुणी सांगितलं?

एक रिकामा चौकोन डोक्यातून जात नाहीये.

तक्ता साधा आहे. आम्ही गाडी बनवतोय; टीममधली बावीस नावं आडवी, तीच उभी. गेल्या पंधरवड्यात डिझाइनबद्दल जे एकमेकांशी बोलले तिथं फुली. दुसरा तक्ता गाडीच्या भागांचा: कुठला भाग कशावर अवलंबून. दोन्ही शेजारी ठेवले आणि दिसलं, सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे भाग एकमेकांवर अवलंबून, पण त्या दोन गटांच्या घरात फुलीच नाही.

जागा नेमकी नाजूक. खालच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा माउंट ८ मिलिमीटर वर गेला, तर टाय रॉडचं (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं) आतलं टोकही त्या हिशेबानं हलवावं लागतं. नाही हलवलं तर चाक वरखाली होताना टो, म्हणजे वरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कोन, बदलतो आणि खड्ड्यातून जाताना गाडी आपसूक वळू बघते. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्ये, भाग एकमेकांना घासत नाहीत, म्हणून भाग एकमेकांत घुसतात का हे बघणाऱ्या इंटरफिअरन्स चेकमध्ये काहीच सापडत नाही. स्प्रिंग-डॅम्पर काढून चाक २५-२५ मिलिमीटरनं उचलत टो मोजला तरच कळतं. तोवर चासीचं वेल्डिंग झालेलं असतं.

कामचुकार कुणीच नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. दोन्ही गटांमधला समन्वय बघणारी एक जण आहे; दोन्ही गट तिला सांगतात, ती पुढे सांगते. तिच्याकडून राहिलं की राहिलंच. ‘एकमेकांशी बोला’ असं किती वेळा सांगायचं? कुणी ऐकतं तरी का?

मग एअरबसचं ए३८० विमान आठवलं. हॅम्बुर्गच्या कारखान्याकडे कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती, तुलूझच्या कारखान्याकडे पाचवी; दोन्हींचा मेळ बसला नाही. विमानात शेकडो किलोमीटर वायरी, आणि जोडायला घेतल्यावर हार्नेस (वायरींचे जुडगे) तोकडे पडले. २००६ मध्ये विमानं देण्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. तिथं काय हुशार माणसं कमी होती? हे आठवल्यावर चिडचिड बरीच ओसरली.

सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं तर २२ जणांत २३१ जोड्या होतात. मग ड्रॉइंग काढणार कधी? भाग जिथं एकमेकांवर अवलंबून आहेत तेवढ्याच जोड्या पक्क्या हव्यात. हार्डपॉइंट, म्हणजे भाग जोडायची ठरलेली जागा, हलवणाऱ्यानं जुने-नवे कोऑर्डिनेट आणि तारीख लिहून कागद थेट शेजारच्या गटाला द्यायचा. त्यांची सही नसेल तर चासी जिगवर (वेल्डिंगसाठी भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर) चढणार नाही. तिला फक्त प्रत.

तिच्या मनाला हे लागेल कदाचित. असो.

जिग लावायच्या आधी दोन्ही गटांना एकाच स्क्रीनसमोर बसवायचं आहे. सुरुवात टाय रॉडच्या आतल्या टोकापासून.