तळघर थिएटर : पडद्याच्या भिंतीची ओल अखेर समजली

मंडळी, घराच्या तळघरात थिएटर बांधतोय. त्याच्या पडद्यामागची भिंत कोरडी झाली, आता फ्रेमिंग (चौकट उभी करणं) सुरू, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते मागे घेतो. जुलैत त्याच भिंतीला पुन्हा लोणा लागला, नव्या रंगाचे पापुद्रे सुटले आणि कोपऱ्यात ठेवलेले रॉकवूलचे (आवाज शोषणारी दगडी लोकर) दोन स्लॅब खालून भिजले. फार वाईट वाटलं. नागपूरच्या लकडगंजातून आणलेल्या लाकडी पट्ट्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून वाचल्या.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, काळी माती आहे. पाणी धरून ठेवते, भिंतीतूनच येऊन राहिलं." बाबा म्हणाले, हवा खेळती ठेव. म्हणून दहा दिवस दार उघडं टाकून एक्झॉस्ट रात्रंदिवस चालवला. ओल वाढतच गेली.

मग प्लास्टिकची चाचणी केली. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवायचं आणि एक दिवस थांबायचं. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय, पुढे आले तर खोलीतल्या हवेतून. तीन ठिकाणी लावलं. डाव्या कोपऱ्यात मागून थेंब ओघळत होते. मधल्या आणि उजव्या तुकड्याची मागची बाजू ठणठणीत कोरडी, पण पुढून बोट फिरवलं की ओली रेघ उमटायची. दुखणी दोन होती आणि आम्ही दोन्हींवर एकच औषध लावत होतो.

उजव्या बाजूचं गणित असं : हवा 29 अंश, आर्द्रता 80 टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाफेचं पाणी होऊ लागतं) 25 अंशांच्या जरा वर. इन्फ्रारेड थर्मामीटरने भिंत 24.5 दाखवली. पाणी सुटणारच. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांच्या कोरड्या हवेत, दार उघडं ठेवणं बरोबर. जुलैत तेच दार बाहेरची दमट हवा आत घेतं. दार आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद केलं, वरचा जुना दीड टनी एसी खाली बसवून ड्राय मोडवर टाकला. दोन तासांत बादलीत पावणेदोन लिटर पाणी! तिसऱ्या दिवशी हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजणारा मीटर) 58 टक्के. तो आकडा मी घरातल्या सगळ्यांना खाली बोलावून दाखवला.

हायग्रोमीटर मात्र पारखून घ्या. माझ्या दोन स्वस्त मीटरांत सात टक्क्यांचा फरक निघाला. बंद डब्यात ओलं मीठ आणि मीटर एकत्र ठेवा. काही तासांनी 75 दिसायला हवेत. एक 74 वर थांबला, दुसरा परत केला.

डाव्या कोपऱ्याचं कारण बाहेर सापडलं. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका तिथेच, भिंतीलगत सुटत होता. आता तो दहा फूट लांब नेलाय. आतून पुन्हा रंग मारणार नाही. मागून येणारं पाणी रंगाला ढकलूनच देतं. प्लास्टर खरवडून क्रिस्टलाइन कोटिंग (भिंतीच्या छिद्रांत स्फटिक होऊन पाणी अडवणारा लेप) करतोय.

आता आराखडा. जिप्सम बोर्ड थेट भिंतीला चिकटवायचा बेत रद्द. दोन इंच सोडून जीआय स्टड (जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांचे खांब) उभे करायचे, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिताच सुचलं, जागा सोडायचीच आहे तर दोन फूट सोडून आरपार आवाज जाणारा पडदा का लावू नये? सेंटर स्पीकर पडद्यामागे बरोबर मधोमध येईल, आणि पडदा काढला की भिंत तपासता येईल. कापडाची चौकट आवाज अडवत नाही, त्यामुळे खोली आवाजाच्या हिशेबात 5.2 मीटरचीच राहते, लांबीचा पहिला मोड (खोलीत घुमणारा सगळ्यात खालचा सूर) 33 हर्ट्झवरच. सोफ्याची दुसरी रांग मात्र गेली. पहिली रांग मी मध्यापासून दीड फूट मागे घेतोय, कारण बरोबर मध्यावर हा मोड शून्य होतो आणि तिथे बसलं की खालचा बास गायब होतो.

एसीचं पाणी जमिनीखालून वर चढवायला ड्रेन पंप लागेल, सध्या बादली. पडद्याच्या कापडाचे नमुने मागवलेत. कुणी विणलेलं आणि छिद्रांचं, दोन्ही वापरलं असेल तर प्रोजेक्टरवर जाळी दिसते का ते सांगा. डाव्या कोपऱ्यात काल नवं प्लास्टिक चिकटवलंय, रविवारच्या पावसानंतर उघडतो.