आजची साक्ष

आज इंदूरच्या जिल्हा कोर्टात नेत्रतज्ज्ञ म्हणून साक्ष झाली. मुद्दा एकच होता: मार लागलेल्या डोळ्याची नजर कायमची गेली का? भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही गंभीर दुखापत. म्हणून पहिल्याच दिवशी 'कायमची' लिहू नये. आत साचलेलं रक्त ओसरलं की नजर सुधारूही शकते. मत राखून ठेवायचं, पुन्हा तपासायचं.

तरुण डॉक्टरांनो, एमएलसीत, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीच्या वैद्यकीय नोंदीत, नुसतं 'दिसत नाही' लिहू नका. 6/60 (तक्त्यावरचं फक्त सर्वांत मोठं अक्षर), बोटं मोजणं की फक्त उजेड, ते लिहा. पिनहोलने, म्हणजे बारीक छिद्रातून, किती दिसतं, तेही. दुसऱ्या डोळ्याची नोंद करायची राहून जाते आणि वकील नेमका तिथेच धरतो. जुना मोतीबिंदू, लहानपणापासूनचा आळशी डोळा, सगळं नोंदवा.

खरंच दिसत नाही का, हे पाहायला चांगल्या डोळ्यापुढे नंबरवर +6 ची काच चढवायची (त्याने लांबचं धूसर होतं), दुसऱ्यापुढे त्याच्याच नंबरची, दोन्ही डोळे उघडे. लांबची बारीक ओळ वाचली, तर ती 'गेलेल्या' डोळ्यानेच. बाहुलीची प्रतिक्रिया मात्र आधी बघा, बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर ती तपासताच येत नाही.

आणि कोर्टात हिंदीत सोपं बोला: रेटिना नको, 'आंख का पर्दा' म्हणा.