५० किलोमीटरवरचं इंग्रजी

आज मँचेस्टरहून लिव्हरपूलला गेले. अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण गाडीतून उतरले आणि इंग्रजीचा सूरच बदलला! कॅफेतल्या बाई 'लव्ह' म्हणत इतक्या मायेनं बोलत होत्या. त्यांच्या तोंडी 'बुक'चा शेवट घशात घासून थेट 'बुख' ऐकू येतो. बोलण्याला हेल तर असा, की ऐकतच राहावं. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडमधून लाखो माणसं या बंदरात उतरली. त्यांच्या बोलीचा ठसा इथल्या उच्चारांवर अजून आहे. वऱ्हाडी, मालवणी ऐकताना होतो तसाच आनंद झाला मला. बीबीसीच्या जुन्या बातम्यांतलं इंग्रजी तेवढं खरं, हे आपल्या मुलांना कृपा करून शिकवू नका. पुढच्या महिन्यात न्यूकॅसल. तिथली 'जॉर्डी' बोली ऐकायचीय!