पिस्टनच्या शोधात बडोदा

दादांचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर गोठ्यामागे कितीतरी वर्षं पडून होता, इंजिन जाम. इंजेक्टर काढून वरून डिझेल ओतून ठेवलं, मुरू दिलं, मग हळूहळू क्रँक फिरला, पण लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, खाल्लेले निघाले. आता पिस्टन-लायनरचा सेटच हवा. साक्री, धुळे सगळीकडे विचारून झालं, दुकानदार मॉडेल ऐकूनच मान हलवायचे. शेवटी बडोद्याच्या मामांना फोन केला तर म्हणाले, "अरे ये ना इकडे, झेटर ट्रॅक्टरवाले म्हातारे मिस्त्री अजून आहेत आमच्याकडे."

मित्राची पिकअप घेतली आणि पहाटेच निघालो. नवापूरला चहा, तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली, मग हायवे. भरूचला नर्मदेचं पात्र बघायला दोन मिनिटं थांबायचं होतं पण ट्रॅफिकने काही थांबू दिलं नाही, असो.

मामा दांडिया बाजारात राहतात. त्यांचं मराठी आपल्यासारखंच, फक्त मधेच "चालेल ने" वगैरे येतं. मामी म्हणाल्या आधी जेव, पण मामांना मला विश्वामित्री भागातला ट्रॅक्टरचा कारखाना दाखवायची घाई. गेटबाहेरूनच बघितला. हिंदुस्तान ट्रॅक्टर इथेच बनायचे, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीने. १९७८ मध्ये गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झालं, १९९९ मध्ये महिंद्रा आले, २०१७ पासून नाव ग्रोमॅक्स. माझा एचएमटी हरियाणातल्या पिंजोरचा, १९७१ पासून तिथे बनायला लागलेला, पण मूळ झेटरचंच. म्हणून तर एवढ्या लांब आलो.

मिस्त्रीकाकांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, दारातच एक जुना हिंदुस्तान उघडा पडलेला. मामा लगेच म्हणाले, "बघ, याचेच पिस्टन लाव की तुझ्याला." काका हसले. काही न बोलता कॅलिपर काढला. तो हिंदुस्तान म्हणजे मुळात झेटर ५० सुपर, त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०५ मिलिमीटर, माझ्या २५११ चा ९५. दहा मिलिमीटरचा फरक, कसं बसणार? पण त्याच वेळच्या दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या छोट्या झेटरांत पिस्टन-लायनर एकाच मापाचे, म्हणजे तीन सिलिंडरच्या ३०११ चा सेट मिळाला तरी त्यातले दोन माझ्या दोन सिलिंडरच्या २५११ ला चालतील. हे दुकानदाराला कोण सांगणार, तो मॉडेलचं नाव बघतो, आपण माप बघायचं. बेअरिंगचंही तसंच, ६२०५ नंबर म्हटलं की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५, मग ते ट्रॅक्टरचं असो नाहीतर पंपाच्या मोटरचं. ऑइल सील पण मापाने मिळतात. अडतं ते गिअर आणि कास्टिंगच्या भागांशी, त्यासाठी भंगारच शोधावं लागतं.

संध्याकाळी सेव उसळ खाल्ली, तिखट, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पादरा गावाकडे गेलो, भाजीचा पट्टा सगळा, आणि तिथे एका शेतात जुना हिंदुस्तान भाजीची ट्रॉली ओढताना दिसला! रंग उडालेला, बोनेट गायब, पण इंजिनचा आवाज असा गोल की मी गाडी थांबवून ऐकत बसलो. इंटरनेटवर लोक आधी रंग मारून फोटो टाकतात ना, ते मला काही पटत नाही बाबा. आधी चालू करा, रंग काय दिवाळीला पण मारता येतो.

लायनरचा सेट काकांच्याच ओळखीच्या भंगारवाल्याकडे मिळाला, पेटीवर धूळ पण आत ग्रीस लावलेला कोरा माल. भाव पाडायचं काम मामांनी गुजरातीत केलं, मी गप्प. फ्युएल पंप पण सोबत नेलेला, तो टेस्ट बेंचवर लावून बघितला, दोन नळ्यांत डिझेल सारखं पडायला हवं, एकीत बरंच कमी पडत होतं. पंपातला एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा भाग, बदलून मग जुळलं.

निघताना काकांनी बजावलं की लायनर ब्लॉकच्या किंचित वरच राहिला पाहिजे, खाली गेला तर हेडखालचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट फुटेल आणि पाणी ऑइलमध्ये जाईल, ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं. आणि ओ-रिंग नव्याच घाल, जुन्या कितीही चांगल्या दिसू दे. मामींनी लिलो चिवड्याचे दोन पुडे दिले, ते व्यारा यायच्या आतच मित्राने संपवले. पुढच्या आठवड्यात हेड बसवायचंय, कोणाकडे मोठा टॉर्क पाना असेल तर सांगा.