पॉपकॉर्नचं यंत्र आणि उरलेले गणंग

न्यू जर्सीची मामेबहीण दिवाळीला कोल्हापूरला आली, तेव्हा तिने पॉपकॉर्नचं यंत्र आणलं. गरम हवेवर चालणारं, तेलाचा थेंबही न लागणारं. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि रात्रीच्या बातम्यांबरोबर काहीतरी चघळायची सवय काही सुटत नाही, म्हणून घरात सगळे खूश. मी पिनेला अ‍ॅडॉप्टर लावला, मक्याचे दाणे ओतले, बटण दाबलं. विमान सुटल्यासारखा आवाज, मग जळका वास, मग शांतता. चार सेकंदांत खेळ खलास.

बुडाशी 120 व्होल्ट लिहिलेलं होतं. आपल्याकडे 230. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "व्होल्टेज दुप्पट झालं की आतली कॉइल चौपट तापते बघा. ट्रान्सफॉर्मर लावून चाललं असतं, पण एवढ्या वॅटचा घ्यायचा तर तो उचलताना तुमची कंबर जाईल." बहिणीला आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही.

मग इथलंच घ्यायचं ठरलं. 230 व्होल्ट, 1200 वॅट, किंमत दोन हजारांच्या आतबाहेर. दुकानदार रंग दाखवत होता, मी आत डोकावत होते. एवढ्यात मला एक गोष्ट कळली होती: हवा भांड्याच्या बाजूच्या फटींतून यायला हवी, म्हणजे दाणे गोल फिरत राहतात. तळाशी नुसती जाळी असली की साली आणि चुरा खाली कॉइलवर पडून जळण्याची भीती. शिवाय वरचं झाकण निघणारं हवं, नाहीतर धुणार कसं? आणि एक बटण हवंच. काही यंत्रांना ते नसतंच, सॉकेटवरूनच चालू-बंद करायचं. विजेची काळजी मात्र नको. तीन मिनिटांना 0.06 युनिट, म्हणजे काहीच नाही. फक्त स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. आमचा गरम झाला होता.

पहिल्या दिवशी हावरटपणा केला. मापाच्या वर अजून मूठभर दाणे टाकले. ओझ्याने ते फिरेचनात, खालचे करपले आणि स्वयंपाकघरभर धूर. दुसऱ्या दिवशी घाबरून अगदी थोडे टाकले, तर न फुटलेले दाणेच यंत्राच्या तोंडातून सुटून गोळीसारखे ओट्यावर. झाकणाचं माप असतं ते उगाच नसतं. आता मी मापाने टाकते, यंत्र सुरुवातीला किंचित मागे कलतं धरते आणि समोर लग्नातलं मोठं पातेलं ठेवते. फुटण्यात दोन-तीन सेकंदांचं अंतर पडायला लागलं की बंद. लगेच दुसरा घाणा टाकायचा नाही, आधी दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं.

तरी गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, फार निघत होते. बाबांच्या दाढेला एक लागला आणि प्रकरण तापलं. दोष यंत्राचा समजून मी परत करायला निघाले होते. आईने दाणे हातात घेऊन विचारलं, "हे किती दिवसांचे आहेत?" लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुटे आणलेले, उघड्या पिशवीत महिनाभर पडलेले. लाहीच्या मक्यात साधारण 14 टक्के ओल लागते. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की त्या ओलीची वाफ टणक साल फोडून बाहेर येते. ओलच उडून गेली तर वाफ कशाची होणार? आई नागपंचमीला ज्वारी पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवते, ते याचसाठी. मी तीन कप दाणे बरणीत घातले, वरून एक मोठा चमचा पाणी, झाकण घट्ट. येता-जाता हलवत तीन दिवस ठेवले. चौथ्या दिवशी पातेलं भरून सांडलं आणि गणंग निघाले मोजून अकरा.

चवीचा प्रश्न मात्र उरतोच. कोरड्या लाहीला मीठ चिकटत नाही, सगळं तळाशी. मीठ मिक्सरमधून पिठासारखं काढलं तर थोडं धरतं. पण खरं सांगायचं तर चमचाभर साजूक तुपात हळद आणि लाल तिखट गरम करून डब्यात लाह्यांवर घालायचं आणि डबा खुळखुळवायचा, याला तोड नाही. म्हणजे तेल वाचवायला यंत्र घेतलं आणि तूप मागच्या दाराने आलं. पण चमचाभरच, हे बाबांचं म्हणणं. तूप यंत्रात मात्र कधीही घालू नका, बाहेरच. झाकणात लोणी वितळतं असं पुस्तिकेत लिहिलंय. आमच्याकडे ते अर्धवटच मऊ होतं. डिसेंबर 2024 मध्ये खाऱ्या सुट्या पॉपकॉर्नवर 5 टक्के आणि कॅरॅमलवाल्यावर 18 टक्के जीएसटीची बातमी लागली, तेव्हा बाबांनी मूठ भरत जाहीर केलं, "आपलं शून्यात बसतं."

नागपंचमीला मी ज्वारी घालून पाहिली. हलकी, बारीक, फुटायच्या आधीच फुर्रकन भिंतीवर. आईने काही न बोलता कढई चढवली आणि फडक्याचा बोळा घेतला.

अमेरिकेचं जळकं यंत्र भंगारात गेलं. त्याचं झाकण तेवढं ठेवलंय. बरोबर अर्धा कप बसतो, पोहे मोजायला बरं पडतं.