वळकटीतली दुनळी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं बाबांचं बंदुकीचं दुकान आता मी सांभाळते. गेल्या थंडीत एका दुपारी नाना आले, बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक. बाहेर रिक्षात काकू, दोन ट्रंका आणि सुतळीने आवळलेली गादीची वळकटी.

"बाळ, बंदुकीच्या तेलाची बाटली दे. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघालोय. आता मुलाकडेच राहणार."

"आणि बंदूक, नाना?"

"वळकटीत आहे. कुणाला दिसायचीसुद्धा नाही."

माझ्या पोटात गोळा आला. लायसन्सचं पुस्तक मागून घेतलं. त्यात क्षेत्र, म्हणजे बंदूक जिथे नेता येते तो भाग, लिहिलं होतं: मध्य प्रदेश. बस, तेवढंच. नाना म्हणाले, "अगं, लायसन्स माझं, बंदूक माझी, मुदत अजून तीन वर्षं आहे. पत्ता तिकडे गेल्यावर बदलता येतो, असं एजंट म्हणाला." हा घोटाळा मी फार वेळा पाहिलाय. 2019 च्या दुरुस्तीत लायसन्सची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, आणि लोकांना वाटतं पाच वर्षं म्हणजे कुठेही. मुदत वेगळी, क्षेत्र वेगळं.

मी त्यांना गाडीचा रस्ताच सांगितला. महाराष्ट्र लांबच राहिला, दतिया मागे पडलं की झाशी, म्हणजे उत्तर प्रदेश. दोन तासांच्या आत नानांची बंदूक बेकायदा झाली असती.

काही वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक बाहेरगावी राहायला चाललं होतं. मी काडतुसं दिली, पावती फाडली, पण 'कुठे निघालात' हे विचारलं नाही. वाटेत सामानाची तपासणी झाली, बंदूक जप्त. पुढे कित्येक वर्षं तारखा. सुटली तेव्हा ती इथे दुरुस्तीला आली, तर नळ्यांच्या आत गंजाचे खवले हाताला लागत होते. वडिलांची बंदूक होती त्यांची. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते.

नानांना बसवलं, काकूंना आत बोलावलं, चहा मागवला. आधी इथे ग्वाल्हेरला कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत क्षेत्र वाढवायचा अर्ज, कारण लिहून. ते झालं की बंदूक न्यायची. घर बदलल्यापासून 30 दिवसांच्या आत दोन्हीकडे लेखी कळवायचं, जुन्या ठिकाणी आणि नव्या ठिकाणीही. मागितली तर बंदूक आणि पुस्तक नेऊन दाखवायचं, म्हणजे नवा पत्ता चढतो. मुलाने पुण्याच्या कलेक्टर कचेरीचा पत्ता काढून ठेवला होता. मी म्हटलं, पुणे शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात होतं, आपल्यासारखं कलेक्टरकडे नाही.

"आणि तोवर?"

तोवर जमा. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपल्याकडे बंदुका जमा करतातच, त्यामुळे हा शब्द नानांना नवा नव्हता. आमच्या परवान्यात जमा ठेवायची मुभा आहे.

वळकटी काउंटरवर सोडली. गोधडीच्या दोन घड्यांमध्ये काकूंच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली बारा बोरची दुनळी. नानांनी स्वतः बंदूक उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मग मी नंबर वाचला आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. काडतुसं मोजली, अकरा. एकाचा कागद दमटपणाने फुगला होता, तेही पावतीवर तसंच लिहिलं. पावतीवर सही करताना नानांचा हात थरथरत होता. म्हणाले, "बँकेच्या दारात हिच्याबरोबर तीस वर्षं उभा राहिलो. पोरकी वाटेल गं."

काकूंनी लुगडं परत घेतलं नाही. "तिच्याजवळच असू दे," म्हणाल्या.

साडेचारला रिक्षा स्टेशनकडे गेली. महिन्याभराने नानांचा फोन आला. अर्जासोबत जमापावतीची प्रत मागितली होती. त्याच संध्याकाळी पाठवली. क्षेत्र वाढायला वेळ लागतोय. बंदूक लोखंडी कपाटात आहे, लुगड्यात गुंडाळलेली, आणि दर पंधरा दिवसांनी मी नळ्यांतून तेलाचं फडकं फिरवते.